मोजणी

शंभर खड्ड्यांत किती जगली, एवढंच विचारतात नुकुसहून.
मी मोजते.
ट्रक मला सकाळी समुद्राच्या तळाशी सोडतो.
"चारला येतो," पराखत म्हणतो, आणि त्याची धूळ
त्याच्याही आधी गावाकडे निघते.

सोबत सासरे. सार्सेनबाय, वय एक्याऐंशी,
दोन्ही गुडघे गेलेले, तरी ट्रकात चढून बसतात.
घरी काय करू, म्हणतात,
घरी तर मी नुसता किनाऱ्यावर असतो.

साकसाउलचं रोप म्हणजे आधी काहीच नाही.
करड्या जमिनीत करडी काडी,
पानं शोधावीत तर पानंच नाहीत.
वाकायचं, नखानं साल खरवडायची.
आत हिरवं दिसलं तर रेघ.
तपकिरी निघालं तर पुढे.
रेघ. पुढे. पुढे. रेघ. पुढे.
दुपारपर्यंत नखाखाली मीठ चुरचुरतं
आणि कंबर माझी राहत नाही.

"थांब," सासरे म्हणतात. "इथं पाच वाव."
मी वहीतून डोकं काढते.
ते मान मागं टाकून उभे,
वर, पाच वाव वर,
त्यांच्या होडीचा तळ दिसत असावा त्यांना,
डांबर लावलेला, शेवाळ धरलेला,
आणि त्यांच्याच तेविसाव्या वर्षीचे हात
काठावरून जाळं सोडणारे.
ते जरा बाजूला सरकतात.
जाळ्याला वाट देतात.

नदी कुठं गेली हे आम्हाला कुणी सांगायला नको.
मी नववीत होते तेव्हा शरदात शाळेला कुलूप लावून
सगळ्या वर्गाला कापसावर नेत.
दिवसाला चाळीस किलो. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटत.
गाणी म्हणत वेचायचो आम्ही,
थोडी नदी मीही वेचली.
आत्ता तोंडावरून घेतलाय तो रुमाल,
मीठ छातीत जाऊ नये म्हणून,
तोही सुतीच.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
आमच्याकडे खाणारं मीठच.
त्यानं भिंतीचे पोपडे खाल्ले,
कॅनरीची दारं, गाईचं दूध,
धाकट्या जावेची दोन्ही मूत्रपिंडं.
जागतं ते हे एवढं झुडूप.
कुणाला जागतं, विचारायची सोय नाही.

मागच्या साली साहेब म्हणाले, "पन्नास लिही ना,
पाहुणे येणार आहेत बघायला."
मी सव्वीस लिहिले होते.
त्यांनी वही उलटीसुलटी केली.
"आणि हा शेवटचा रकाना? तीन, पाच, साडेपाच?"
"पाण्याचा," म्हटलं.
"कुठल्या पाण्याचा?"
मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी शाईचं पेन घेतलं,
मग का कोण जाणे, परत टोपण लावलं.

यंदा एकतीस.

चारला पराखत आला नाही.
पावणेपाचला वारा आला, पांढरा,
क्षितिज आधी, मग डबकं नसलेला खड्डा,
मग माझे स्वतःचे बूट पुसत.
सासऱ्यांना धरून मी बसवलं
सात वर्षांमागं लावलेल्या एका साकसाउलच्या आड.
कमरेएवढं आहे ते आता. तिरकं, कुरूप,
बुडाशी वाळूचा ढीग धरून ठेवलेला,
घमेलंभर असेल,
गावात कुणाच्या तरी डोळ्यात गेली असती ती.
ढिगात शिंपले, आणि एक पालीएवढा सरडा
आमच्यावर नाराज.

वारा आमच्यापाशी येऊन किंचित दुभंगत होता.
किंचितच. कान तरीही भरले.

"हे मोजलंस?" सासरे ओरडले.
"मोजलं."
त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं.
खोडावर हात ठेवला त्यांनी,
दोर ताणलाय का बघतात तसा.
"परत मोज," म्हणाले.