काम झाल्यावर

कोर्ट नाक्यावर माझी टपरी.
पाय अधू, म्हणून सरकारने दिलेली.
आधी पिवळ्या पाटीचा फोन होता इथे.
काचेमागे माणसं रडायची, उसने मागायची,
लग्न मोडायची,
मी मीटरकडे बघत बसायचो.
कानांना तेव्हाच बजावून ठेवलं होतं,
ऐकू येतं ते सगळं आपलं नसतं.

आता झेरॉक्स. आता डोळ्यांची पाळी.
दिवसाला दोनशे तोंडं
माझ्या काचेवर पालथी निजतात,
झाकण मिटतं,
उजेडाची पट्टी सगळ्यांवरून सारखीच फिरते:
जातीचा दाखला, भाडेकरार,
कुणाच्या तरी मूत्रपिंडाचा रिपोर्ट.

एकदा मासुंद्याच्या काठावर
शेंगदाण्यांची पुडी उलगडली
तर आतून एक बाई बघत होती.
खारट बोटांत तिची जन्मतारीख,
तिच्या बापाचं नाव, तिचे बारा आकडे.
उरलेले दाणे खाववले नाहीत.
घरी येऊन कागद भिजत घातला.

तेव्हापासून टपरीत बादली असते.
तन्वीर संध्याकाळी बिघडलेल्या प्रती फाडतो,
उभ्या, मग आडव्या, मग पाण्यात.
लगदा होईपर्यंत शटर ओढत नाही.
गळ्यात पट्टा घातलेला एक पोरगा
मध्ये किलोचा दर सांगून गेला.
रद्दीच्या चौपट.
तन्वीर म्हणाला, चाचा, एवढं काय असतं यात?
मी म्हटलं, तुझं असतं तर विचारलं असतंस का?

म्हाताऱ्यांना सांगतो, प्रतीवर आडवं लिहा,
‘फक्त गॅस जोडणीसाठी’,
खाली तारीख, आणि सही अशी की
अर्धी फोटोवर यावी.
ते हसतात. याने चोर थांबतो होय?
काट्यांच्या कुंपणाने तरी कुठे थांबतो?
पण गुरं थांबतात.

वकील खंडागळे चहा पिताना म्हणाले,
कायदा आलाय आता.
ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची माहिती,
काम झालं की पुसायची.
मी म्हटलं, साहेब,
शेजारची चाळणी आणली तर
आई दळण होताच परत धाडायची,
आमच्या पिठाचा कण न ठेवता.
ते म्हणाले, तसंच, पण दंड मोठा.

आणि मग ती.
नाव इथे लिहिलं होतं, खोडलंय.
पुढची ओळही खोडलीय,
तीत एक पूल होता.

फॉर्म मीच टाइप केला. पत्ता नवा.
प्रिंट घेऊन ती गेली नाही.
म्हणाली, पुसा.
पुसलं.
म्हणाली, कचऱ्याच्या डब्यातूनही.
तिथूनही पुसलं.
मग पडदा रिकामा झालेला तिने पाहिला,
पदराने माझी काच पुसली, का कोण जाणे,
आणि गेली.

चौथ्या दिवशी तो आला.
इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं,
मोबाइलात लग्नातला फोटो.
माझी मिसेस. काळजी वाटते हो.
इथेच भरला ना फॉर्म?
पाचशेची नोट काचेवर ठेवली त्याने,
पालथी,
जशी इथे सगळेच ठेवतात.

मी म्हटलं, मशीन काही ठेवत नाही दादा.
हे खरं होतं.
त्याने मशीनकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं.
तन्वीरने विचारलं, एक प्रत काढायची का नोटेची?
तेव्हा उचलली.

पण मी ठेवतो, त्याचं काय करू?
मजला, दाराचा क्रमांक,
कुठल्या दुकानाच्या मागे,
पिनकोडचा शेवटचा आकडा.
झोपेत टाइप करतात बोटं.
माझ्यातला डबा कुणी रिकामा करायचा,
हे खंडागळ्यांच्या कायद्यात नाही.

परवा रिक्षा त्या गल्लीच्या तोंडाशी आली.
आतून जवळ पडतं, रिक्षावाला म्हणाला.
मी म्हटलं, नको, बाहेरून घे.
बावीस रुपये जास्त झाले.
मी मीटरकडे बघत बसलो.