खिळा न मारण्याच्या अटीवर

खणभागातली ती पतसंस्था अकरा वर्षं बंद.
अवसायक साहेबांनी आठ दिवसांसाठी किल्ली दिली,
करारात एकच ओळ तांबड्या शाईनं अधोरेखित:
भिंतीला खिळा मारायचा नाही.

आम्ही सहाजण.
दोघं हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर, तिसरा मी,
शमशाद मुल्ला, मेंदीच्या कोनानं काळ्या कागदावर कृष्णा काढते,
जिनेंद्र मगदूम, द्राक्षपेट्यांवर छापायचं काम सुटल्यापासून
फक्त कावळे रंगवतो,
आणि बबन लोंढे पेंटर,
ज्यानं या दारावरची पाटी लिहिली होती:
‘विश्वास हीच ठेव’.
त्याचे साडेतीन हजार अजून यायचेत.

झाडण्यात दोन दिवस गेले.
पारव्यांची पिसं, रबरी शिक्के,
दगड झालेलं स्टँपपॅड.
पुराची रेघ छातीपर्यंत;
तिच्याखाली आपलं चित्र लावायला
कुणीच तयार नव्हतं.

खिळा नाही, तर मग सुतळी.
कॅशियरच्या जाळीला कावळे बांधले.
माझा मोठा कॅनव्हास मॅनेजरच्या खुर्चीत बसवला,
ऐटीत बसला मेला.

पाहुण्यांच्या आधी आक्काताई सुतार आल्या.
दार उघडं दिसलं म्हणून.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून आणखी एक,
मग ठेवपावती, घडीवर फाटलेली.
“सुरू झाली व्हय वो?”

जिनेंद्र पंख्याकडं बघायला लागला. पंखा नव्हता,
नुसता हूक होता.
मीच म्हणालो, “मावशी, चित्रं आहेत फक्त.”
“कुणाची?”
“आमची.”
“आन् पैसं?”
“बघायला पैसे पडत नाहीत.”
त्या हसल्या नाहीत.
“मग बघतो की.”

बघितलं. सावकाश, चप्पल हातात धरून.
मग सवयीनं काउंटर नंबर दोनसमोर उभ्या राहिल्या,
पुढं कुणी नसलेल्या रांगेत.
तिथं शमशादनं अभिप्रायाची वही ठेवली होती.
तिनं पेन पुढं केलं.
आक्काताईंनी लिहिलं:
नाव, खाते क्रमांक, बेचाळीस हजार फक्त.
खाली सही.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं.
पावत्या घेऊन माणसं आली,
कुणी झेरॉक्स, कुणी वारलेल्या बापाचं पासबुक.
प्रत्येकानं सगळी चित्रं बघितली,
एखादी सही राहू नये तशी, एकही न गाळता,
आणि मग रांग.
‘रंगसंगती सुरेख’ असं लिहिणारे
प्रमुख पाहुणे एकटेच.
तिसऱ्या दिवशी बबननंही लिहिलं:
साडेतीन हजार, पाटीचे.

सहाव्या दिवशी आक्काताई शेजारणीला घेऊन आल्या,
थेट जाळीपाशी.
“ह्यो मधला बघ. डोळं बघ त्याचं.
ह्यानंच खाल्लं असणार.”
शेजारीण म्हणाली, तब्येत तशीच दिसतीय.

चित्र एकही विकलं गेलं नाही.

किल्ली परत देताना साहेबांनी
भिंतीवरून तळवा फिरवला. एकही भोक नाही.
वहीची दोन पानं उलटली, तिसरं अर्धं,
आणि मिटून माझ्याकडं सरकवली.
“ही आमच्याकडं देऊ नका.
आवक क्रमांक टाकावा लागेल.”

बाहेर बबन शिडीवर होता.
पाटीवरची धूळ पुसत होता, उगाच,
अक्षर चांगलं आलं होतं म्हणून.
मी सुतळी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात
वरूनच ओरडला,
“ती ठेव. ठेव ती.
अजून लय दारं बंद हायत या गावात.”