उजवा गुडघा, रात्री अडीच

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला येतात ही मुलं,
कॉलेजचा फुटबॉल संपवून, तीनशेवर.
दिवसा त्यांना स्टेडियमात पळवतात, उड्या मारायला लावतात,
रात्री त्यातली काही माझ्याकडे पाठवतात.
मी एमआरआय चालवते. लोरीन स्टूपाक. अठरा वर्षं झाली.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत,
गुडघे राहतात.

त्या रात्रीचा शेवटचा, थेरॉन गिड्री. लुइझियानाचा.
कागदावर सहा फूट एक, दोनशे चार पौंड,
पंजा साडेनऊ इंच.
(पंजाही मोजतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत.)
"नुसत्या चड्डीवर उभं केलं," तो म्हणाला, बूट काढता काढता,
"समोर दोनशे माणसं, वह्या घेऊन.
आत्याला फोनवर सांगितलं, तर बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, दातही बघितले का रे?"

मी फॉर्म पुढे ओढला.
अंगात कुठे धातू आहे?
"दोन स्क्रू."
कधीपासून?
"दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून. कुणी हात लावला नव्हता मला.
मी नुसता वळलो."
फांदी मोडल्यासारखा आवाज आला असेल, मी म्हटलं.
सगळे तसंच सांगतात.
"नाही. आतल्या खोलीत कुणी दार लावून घ्यावं, तसा."

सकाळपासून अकरा डॉक्टरांनी ओढून पाहिला होता हा गुडघा,
एकेका संघाचा एकेक,
घर विकत घ्यायला आलेली माणसं
जाता जाता कडी हलवून बघतात तसा.
आणि उद्या दुपारी चाळीस यार्ड.
साडेचार सेकंदांच्या आत.
त्या साडेचार सेकंदांसाठी
वर्षभर पहाटे चारला उठत होता.

"आता पंचवीस मिनिटं अजिबात हलायचं नाही," मी म्हटलं.
त्या आठवड्यात त्याला असं सांगणारी
मी पहिलीच असणार.
यंत्र ठोकायला लागलं, पत्र्यावर हातोडे पडावेत तसं,
आणि तो झोपला.
गाढ. तोंड उघडं टाकून.

पडद्यावर गुडघा आला, करडा, थर थर करत.
नवी शीर छान बसली होती. ज्यानं बसवली त्याचा हात चांगला.
पण आतल्या बाजूची कूर्चा,
साबणाची वडी संपत आली की मधोमध पारदर्शक होते ना,
तशी.
असा गुडघा मी पाहिलाय. एका पोस्टमनचा.
तो एकसष्ट वर्षांचा होता.

उठवला तर आधी कळेना त्याला कुठे आहे.
मग काचेकडे बघून म्हणाला, "कसा आहे?"
मला सांगायची परवानगी नाही.
"बरं." गुडघ्यावर चापट मारली, कुत्र्याला मारतात तशी, लाडानं.
"मग यालाही सांगू नका.
माहीत नाही तोवर पळतो बिचारा."
बाहेर बर्फ साफ करणारी गाडी चालली होती.
तिच्या पिवळ्या दिव्यात तो गेला, व्हॅनकडे,
न लंगडता.
मी मुद्दाम बघत होते.

एप्रिलमध्ये, शनिवारी, जेवणाच्या खोलीत टीव्ही लावलेला.
तिसरा दिवस, सहावी फेरी. बघायला कुणी नाही,
सफाईवाला ओर्विल आणि मी.
नावं येत होती, जात होती.
गिड्री म्हटल्यावर मान वर केली.
चेहरा ओळखीचा वाटला नाही. टोपी फार खाली ओढलेली.
शेजारी केशरी कपड्यांत एक बाई, हातांनी तोंड झाकून.
आत्या असावी.
सगळं घर ओरडलं, आणि त्यानं उडी मारली,
जागच्या जागी, छताला हात लागेल अशी.

ओर्विल टाळ्या वाजवत होता.
माझा काटा बटाट्याच्या सॅलडमध्ये तसाच उभा.
कुठल्या पायावर उतरतो, एवढंच मला बघायचं होतं.

कॅमेरा कमरेखाली आलाच नाही.