साकव

माडावर चढायचं म्हणजे
हातांचं काम थोडं, तळव्यांचं फार.
दोन्ही तळवे आत वळतात, खोडाला मध्ये घेतात
नमस्कारासारखे,
मग माणूस वर सरकतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
शिरोड्याच्या बागेत आजोबांच्या पायांकडे
खालून बघत मी मोठा झालो.

दिगूचा उजवा पाय वळेना.
तेराव्या वर्षी, चौथ्या खाचेवर,
तळवा जमिनीकडेच बघत राहिला
फळी ठोकल्यासारखा.
"दुखता," म्हणाला.
मी म्हटलं, "सगळ्यांचोच पाय दुखता."

शाळेतून येताना तो मळ्याची वाट सोडून
डांबरावरून लांबून यायचा.
कातळावर पाय मुरगळायचा, महिन्यातून दोनदा.
बायको आंबेहळद उगाळायची.
बाबल्या आरोसकर म्हणाला, शीर चढली.
तेल चोळलं, काळा दोरा बांधला.
मी एकदा त्याला आळशी म्हणालो,
माडाखाली, चार माणसांत.
हे सांगायचं राहू नये.

बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
त्याची टाच मुठीत धरून हलवून पाहिली.
हललीच नाही.
माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वर्षं?"
मग पडद्यावर फोटो.
"टाचेच्या हाडाला पुढे नाक आलंय बघा,
मुंग्या खाणाऱ्या प्राण्यासारखं."
मला ते खवलं मांजर वाटलं,
आमच्या बांधावर रात्रीचं वारूळ हुंगणारं.
"पुढच्या नावेसारख्या हाडाला ते जुळलंय.
जन्मापासूनच. आधी कूर्चा होती, मऊ.
वाढत्या वयात तिचंच हाड झालं.
दोघांमध्ये पूल.
पूल नको होता तिथे."

आमच्या वाडीने बारा वर्षं अर्ज केले
व्हाळावर साकव हवा म्हणून.
अजून पोफळीच्या दोन ओंडक्यांवरून जातो.
आणि ह्याच्या पायात, कुणी न मागता,
पक्का बांधून तयार!
मला हसू फुटलं. बायकोने चिमटा काढला.

सही करताना बाई समजावत होत्या:
पूल कापायचा, मोकळ्या जागेत चरबीचा तुकडा ठेवायचा,
नाहीतर हाड पुन्हा हाडाकडे जातं.
चरबी कुठली?
कुल्ल्यातली.
दिगू लाजून भिंतीकडे वळला.
बाकीचं कळलं न कळलं, एवढं मात्र लगेच पटलं.
फणस फोडताना आपण हाताला तेल लावतो,
तेच.

तीन आठवडे प्लास्टर.
कुबड्या रेतीत रुतायच्या, म्हणून समुद्र बंद.
मग व्यायाम:
खाटेवर पडून पायाच्या अंगठ्याने
हवेत अक्षरं गिरवायची.
क जमला. ग जमला.
ळ अडायचा.
दोन गाठी, दोनदा पाय आत, दोनदा बाहेर,
तिथे त्याच्या कपाळावर घाम यायचा.
संध्याकाळी माडी उतरवून आलो की
दारातूनच विचारायचो, "ळ इलो?"
"अर्धो इलो."

पाय तसा सपाटच आहे.
ओल्या रेतीत अख्खा उमटतो, मधला भागसुद्धा.
कमान येईलच असं नाही, बाईंनी आधीच सांगितलेलं.
पण परवा ओहोटीला
कालवं काढणाऱ्या बायांच्या मागोमाग
तो खडकांवरून गेला, हातात चप्पल घेऊन,
आणि मी किनाऱ्यावर उभा राहून
प्रत्येक पावलाला माझाच पाय दाबत होतो.

माडाचं मी विचारलेलं नाही.
कोयती गंजली तर गंजू दे.

काल जेवणं झाल्यावर त्यानेच हाक मारली.
चटईवर बसून दोन्ही तळवे
एकमेकांसमोर आणले, दात आवळून.
मध्ये बोटभर फट राहिली.
मी त्या फटीत माझं बोट घालून पाहिलं.
त्याने पाय झटकन ओढला, हसत सुटला,
"बाबा, काटे असत तुमच्या बोटाक."