आटपाट नगर, इमारत क्रमांक एकशे त्र्याहत्तर

संपादकांनी गोष्ट परत पाठवली, सोबत दोन ओळी:
भाषा गोड आहे, पण मुलांना जंगल हवं असतं,
निदान एखादा डोंगर. विक्रोळीत काय घडणार?

चिठ्ठी मी डाळीच्या डब्याखाली सारली
आणि बॅगा भरायला घेतल्या.
होळीला जोडून तीन दिवस, दापोलीजवळ कर्दे,
समुद्रासमोरची खोली, आगाऊ भरलेले साडेतीन हजार.
शर्वाणी बादली-फावडं
उशाशी घेऊन झोपत होती मंगळवारपासून.

शुक्रवारी सकाळी तिच्या मानेवर एक थेंब दिसला.
मला वाटलं, डास.
दुपारपर्यंत पाठभर मोहर.

घाडीगावकर आजींनी उंबऱ्याबाहेरूनच निदान केलं,
कडुनिंबाची डहाळी आत सरकवली, कोवळ्या फुलोऱ्यासकट.
गादीखाली घाल. नखं काप. घरात फोडणी नको.
खोलीवाला फोनवर फार हळहळला.
पैशांबद्दल काही बोलला नाही.

मग आम्ही तिघांनी
दोनशे वीस चौरस फुटांत वसंत ऋतू काढला.
खाली होळी पेटली, पोरांनी बोंबा मारल्या,
ही खिडकीच्या गजांना नाक लावून
आतल्या आत एक बोंब मारून आली.

गोष्ट सांग, म्हणायची. खाज विसरते.
मी सुरू करायचे: एक आटपाट नगर होतं.
कुठे?
लांब.
किती लांब? कर्द्याएवढं?

वीस वर्षं लिहितेय मी त्या नगराबद्दल
आणि तिथे एकदाही दूध आणायला गेले नाही.
पाणी किती वाजता जातं तिथलं, ठाऊक नाही.
राजवाड्यात कुणाला कधी कांजिण्या आल्या,
तर कुणाची आजी डहाळी घेऊन धावायची?

म्हटलं, बरं. एक कन्नमवार नगर होतं.
ती उठून बसली.

तिथे खाडीकडच्या तिवरांत एक कोल्हा होता.
खरा आहे तो, वॉचमनकडे त्याचा व्हिडिओ आहे,
अंधार, दोन डोळे, आणि शेवटी वॉचमनचाच अंगठा.
माझ्या आधीच्या कोल्ह्यांसारखा लबाड नव्हता.
त्याला भूक होती, आणि दिव्यांची भीती.
एकदा तो वडापावच्या गाडीपाशी...

छे, ती म्हणाली. खेकडे खातो तो.
आणि आता त्याला कांजिण्या आल्यात.
अंगभर ठिपके. सगळ्यांना वाटतं, बिबट्या!
एकशे त्र्याहत्तरची सगळी दारं बंद.
फक्त एक मुलगी आत आहे, तिलाही ठिपके,
तिला कळतं.

मी वही शोधेपर्यंत ती झोपलीसुद्धा,
मुठी घट्ट, न खाजवण्याच्या कष्टाने.

निशिकांत रात्रपाळीवरून येताना
हायवेच्या कडेची गुलाबी फुलं आणायचा,
डब्याच्या पिशवीतून, भाजीचा वास लागलेली.
झाडाचं नाव त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.
फ्रॉकचं झाड, तिने ठरवलं,
आणि गोष्टीत ते कोल्ह्याच्या वाटेवर लावलं.

खपल्या गळाल्यावर एका रविवारी
आम्ही सहलीला निघालो. चालत. बावीस मिनिटं.
दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोकमाची बाटली,
आणि हट्टाने, बादली-फावडं.
ओहोटी होती. चिखलाला उग्र वास.
पार पलीकडे रोहित पक्ष्यांची एक रेघ,
कुणीतरी खडूने ओढून अर्धवट सोडलेली.

कडेच्या चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं.
तिने चार खड्ड्यांत चार बोटं ठेवून पाहिली.
कुत्रा असेल, निशिकांत म्हणाला.
ती काहीच बोलली नाही.
फावड्याने ते पाऊल अख्खं उचललं, बादलीत ठेवलं,
आणि वाटभर कुणाला हात लावू दिला नाही.

अजून गॅलरीत आहे ती बादली,
चिखल वाळून तडे गेलेत.
संपादकांना मी अजून काही पाठवलेलं नाही.
त्या मातीत मेथी पेरावी म्हणतेय,
पण ती पेरू देत नाही.