चालू होते की

दिगंबरच्या हातात ती एकदाही अडली नाही.
सकाळी सात, दांडिया बाजारची गल्ली,
दूधवाल्याची सायकल भिंतीला टेकलेली,
किल्ली फिरली की लगेच बोलते,
नव्याण्णव सालची सिटी, इंजेक्शनवाली,
दोन मालक करून आमच्याकडे आलेली.

अडते ती माझ्याकडे.
मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या फाटकाआत,
साडेचारची सुटी झाल्यावर.
स्टार्टर फिरतो, चांगला जोरात फिरतो,
बॅटरीत खोट नाही,
पण इंजिन धरतच नाही.
मी फोन करते, तो स्कूटरवर येतो.
तोवर ऊन शेडच्या मागे गेलेलं,
काचा मी खाली करून ठेवलेल्या.
तो बसतो. फिरवतो.
"चालू होते की."
मग मला दाखवतो, किल्ली कशी धरायची.

प्रतापनगरला इलियासभाईंकडे चार दिवस ठेवली.
चारही दिवस शहाण्यासारखी वागली.
प्लग बदलले, पंप बदलला, वायरी हलवून पाहिल्या.
"बेन, मारी सामे तो डाही थई जाय छे,"
ते म्हणाले, आणि पैसे मोजून घेताना
खरंच जरा ओशाळले.

मग मी वही केली.
अकरा एप्रिल. उन्हात. नाही.
बारा. निंबाखाली. झाली.
पंधरा. उन्हात, काचा बोटभर उघड्या. तिसऱ्या खेपेला झाली.
एकोणीस. ढगाळ. झाली.
तेवीस. उन्हात. नाही.
डॅशबोर्डखाली बुक्की मारली. झाली.
(बुक्कीचं दिगंबरला सांगितलं नाही.)

आणि ऐकायला शिकले.
किल्ली अर्धी फिरवायची, आणि थांबायचं.
आधी गुडघ्यापाशी एक टक,
मग मागच्या सीटखालून सूंऽ, दोन सेकंद,
पंप पेट्रोल पुढे ढकलतोय.
हे चांगल्या दिवशी.
वाईट दिवशी टक नाही, सूं नाही,
स्टेअरिंगला हात लावता येत नाही इतकं तापलेलं,
आणि गाडीभर माझाच श्वास.

रविवारी तो झोपला होता तेव्हा
दहा नंबरचा पाना घेऊन आडवी झाले,
पाय दाराबाहेर, तोंड पेडलांशी.
काड्यापेटीहून थोडी मोठी डबी निघाली, रिले.
झाकण उचकटलं, भिंगाखाली धरली.

सव्वीस वर्षं मी बोर्डांना डाग देते.
दिवसाला चारशे, कधी पाचशे.
पिनेभोवती केसाएवढी गोल भेग
हे मला कोणी शिकवायला नको,
असा सांधा दिसला की लाल बाण चिकटवून
मी बोर्ड परत पाठवते.
तापलं की कथील पिनेला सोडतं,
गार झालं की पुन्हा चिकटून बसतं,
साक्षीदार यायच्या आत.

जुनं कथील ओढून घेतलं, नवा डाग दिला.
मग शेजारच्या पाचांनाही,
त्यांचं काही म्हणणं नसताना.
राळेच्या वासाने तो उठला,
"काय जळतंय?"
"काही नाही. झोप."

दोन मे. मुद्दाम उन्हात लावली, काचा घट्ट वर.
साडेचारला फोन केला.
"अडली का?"
"नाही. तू ये."
येईपर्यंत काच खाली केली नाही.
तो बसला, मांडी भाजली म्हणून उडाला,
आणि किल्ली एकदम पूर्ण फिरवायला गेला.
"अर्धी," मी म्हटलं. "थांब."
थांबला.
टक.
सूंऽ.
"हे काय वाजलं?"
पंधरा वर्षं ही गाडी चालवतोय.

मग इंजिन लागलं, पहिल्याच फेऱ्यात.
तो थोडा वेळ समोरच्या काचेकडे बघत बसला.
"म्हणजे किल्लीचं काही नव्हतं."
हे काचेला म्हणाला.
मी वही उघडली, तारीख घातली,
आणि मग स्कूटर घरी कोण नेणार
यावर आम्ही बराच वेळ बोललो.