उसनी चाळणी

ॲल्युमिनियमची चाळणी. एक कान तुटका,
तो मी तारेने बांधलेला, तारही आता काळी.
वरच्या मजल्यावरचा व्हायदोतास दारात उभा राहिला:
"स्तासेबाई, दोन दिवस द्याल?"
मला वाटलं, याने बटाटे उकडलेत.

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले.
मी झाकण तिरकं धरून पाणी ओतत होते,
वाफेने मनगट भाजून घेत होते,
आणि जिन्यात भेटला की विचारत होते, "झालं का?"
तो म्हणायचा, "डावी बाजू झाली."

चाळणीला डावी बाजू असते
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

शेवटी एकदा गेलेच वर.
टर्पेंटाइनचा वास. खिडकीच्या काचेला
कौनासचा नोव्हेंबर चिकटलेला, करडा, ओला.
भिंतीला टेकवून ठेवलेलं एकेक काम:
विजेचं बटण, भोवती बोटांचा मळ.
रेडिएटरवर वाळत घातलेला एकच मोजा.
नव्या वडीला चिकटवलेली जुन्या साबणाची चिपटी
(हे मीच करते असं मला वाटत होतं).
गॅसच्या बिलावर पालथा ठेवलेला अर्धा कांदा,
बिलावर त्याचा ओला गोल.

इतकं खरं की माझा हात बटणाकडे गेला.
दिवा लागला नाही.
तो हसलाही नाही. बहुतेक सगळ्यांचंच तसं होत असावं.

"एवढी भोकं कशी रंगवतोस रे?"
"भोकं नाही रंगवत. भोवतालचं रंगवतो.
भोक आपोआप राहतं."

माझा मुलगा आयर्लंडला
अळंब्यांच्या शेडमध्ये कामाला गेला, त्याला नऊ वर्षं झाली.
मी जरा स्टुलावर टेकले.

"तीनशे अठरा आहेत," तो म्हणाला, "त्यातलं एक बुजलंय."
"कुठलं?"
ब्रशच्या मागच्या टोकाने दाखवलं: खालून तिसरी ओळ.
बकव्हीटचा दाणा. वाळून खडा झालेला.

सोड्याने, राखेने, तारेच्या घासणीने
घासघासून ठेवलेली माझी चाळणी!
आणि हे खरकटं कुठल्या रात्रीचं,
कोणाच्या ताटातलं, कधीपासून बसलंय तिथे?
"काढून टाक ते चित्रातून. लोक काय म्हणतील?"
"नाही काढता येणार," तो हळूच म्हणाला.
"उजेड तिथे अडतो,
म्हणून तर बाकी ठिकाणी गळताना दिसतो."

डिसेंबरात चाळणी परत आली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, एखाद्या माशासारखी.
दाणा मी तसाच राहू दिला. का, ते विचारू नका.

मार्चमध्ये प्रदर्शन भरलं, बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यात.
मी मयताला घालते तो कोट घालून गेले.
लोक वाकून, नाक चित्राला लावून बघत होते,
आणि एकूणएक जण तिसऱ्या ओळीत थांबत होता.
माझे कान तापले. भर चौकात
कोणी माझं स्वयंपाकघर उघडून ठेवावं तसं.
लोकरी टोपीतली एक बाई म्हणाली,
"अगदी अशीच होती आमच्या आईकडे."
सांगणार होते तिला:
नाही हो. अशी नव्हती.

चित्र व्हिल्नियसच्या एका दाताच्या डॉक्टरने घेतलं.
दवाखान्यात लावलंय म्हणे.
रोज सकाळी त्याचे हात शिवशिवत असतील.

त्या रात्री मी सुई घेऊन बसले.
पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा बोटात गेली.
तिसऱ्यांदा दाणा निघाला,
तळहातावर पडला, वजन काहीच नाही.
चाळणी दिव्यासमोर धरली तर
भिंतभर उजेडाचे ठिपके.
मोजले नाहीत.

सकाळी जिन्यात गाठलंच त्याला:
"तुझं चित्र आता खोटं पडलं बघ."
तो बराच वेळ किल्ली हातात घेऊन उभा राहिला,
मग म्हणाला, "तुमच्याकडे किसणी आहे का?"

आहे.
पण थांब. या खेपेला
आधी मला बघू दे.